ऐकण्याचा खेळ

आमच्या अभ्यासवर्गात त्या दिवशी ध्वनिदर्शक शब्दांचा धडा होता. पाण्याचा खळखळाट, पानांची सळसळ, ढगांचा गडगडाट, विजांचा कडकडाट, तलवारींचा खणखणाट, पैंजणांची छुमछुम. फळ्यावर मी तक्ता लिहीत होते आणि समोर बसलेली अकरा प्रौढ माणसे तो वहीत उतरवून घेत होती. मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ही मंडळी दर रविवारी दुपारी इचलकरंजीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर जमत. त्यांत कुणी रिक्षा चालवणारे, कुणी चहाच्या गाड्यावर काम करणारा, कुणी घर सांभाळणाऱ्या. पण निम्म्याहून अधिक जण या ना त्या नात्याने यंत्रमागाशी बांधलेले. तक्ता पुरा झाला तेव्हा कांड्या भरण्याचे काम करणाऱ्या मावशींनी विचारले, "बाई, ह्यात मागाचा आवाज कुठं हाय?"

मी तक्त्याकडे पाहिले. मागाचा आवाज त्यात नव्हता.

"तलवार आमच्यातल्या कुणीच ऐकलेली न्हाई," मावशी पुढे म्हणाल्या, "आन् माग तर रात्रंदिवस ऐकतोय. मग परीक्षेला तलवारच कशी येती?"

सगळे हसले. मीही हसले. परंतु घरी जाताना तो प्रश्न माझ्या सोबत आला. ज्या आवाजात या माणसांचे आयुष्य गेले, त्याला पुस्तकात जागा नव्हती. आणि पुस्तकातले जे आवाज ती पाठ करीत होती, त्यांतले कितीतरी त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. मग हा धडा नेमका कशाचा होता? ऐकण्याचा, की घोकण्याचा?

इचलकरंजीत आवाजाची उणीव कधीच नव्हती. १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग चालू झाला आणि पुढे पंचगंगेच्या काठचे हे गाव यंत्रमागांचेच गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. बोळांतून चालताना पत्र्याच्या छपरांखालून, भिंतींच्या आडून येणारा तो खडखडाट पायांच्या तळव्यांपर्यंत पोचतो. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप लागत नाही. काही महिन्यांनी तोच माणूस आवाज थांबला की दचकून जागा होतो. गंमत अशी, की गाण्याच्या इतिहासातही या गावाचे नाव आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा आपल्या नावापुढे 'इचलकरंजीकर' असे लावीत. एकाच गावाच्या नावाशी सूरही जोडलेला आहे आणि खडखडाटही.

पुढच्या रविवारी मी वर्गाला एक खेळ सुचवला. त्याची मूळ कल्पना माझी नव्हे. आर. मरे शेफर नावाचे कॅनडातील एक संगीतकार आणि शिक्षक होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकूवरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सभोवतालच्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास आरंभला. जसे एखाद्या प्रदेशाचे डोळ्यांना दिसणारे दृश्य असते, तसे त्याचे कानांना जाणवणारेही एक रूप असते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ साली या मंडळींनी व्हँकूवर शहराच्या आवाजांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली. आपल्या विद्यार्थ्यांना शेफर साधे साधे पाठ देत: काही वेळ गप्प बसा आणि जे जे ऐकू येते त्याची यादी करा. इतकेच. पण ते 'इतकेच' किती अवघड आहे, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळते.

शिवाय आता साधनही हाताशी होते. १८७७ साली एडिसनने आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र बनवले, तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गायिकेला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागत असे. आज तेच काम करणारे यंत्र चहाच्या गाड्यावरच्या मुलाच्या खिशातही असते. फक्त त्याचा असा उपयोग करण्याचे आपल्या मनात येत नाही.

खेळाचे नियम आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. अकरा जणांचे तीन गट. प्रत्येक गटात निदान एक फोन. मुदत एका आठवड्याची. मी फळ्यावर आठ ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळीला शोभेल असा एकेक आवाज शोधून, तो अर्ध्या मिनिटापुरता मुद्रित करून आणायला सांगितले:

दिवसातून एकदाच होणारा आवाज.
बंद झाल्यावरच लक्षात येणारा आवाज.
घरातला सर्वांत लहान आवाज.
ज्यावरून काम नीट चालले आहे की नाही हे कळते, असा आवाज.
लहानपणी नेहमी ऐकलेला, आता क्वचितच ऐकू येणारा आवाज.
आणखी काही वर्षांनी बहुधा ऐकू येणार नाही, असा आवाज.
ज्याला मराठीत शब्द आहे, पण पुस्तकाच्या तक्त्यात नाही, असा आवाज.
ज्याला शब्दच नाही, असा आवाज.

प्रत्येक आवाजाची नोंद वहीत करायची होती: कोठे ऐकला, केव्हा ऐकला, कोणाला प्रथम ऐकू आला आणि त्याला काय म्हणावे. हा शेवटचा रकाना मी मुद्दाम ठेवला होता, कारण शब्द शोधल्याशिवाय ऐकणे पुरे होत नाही. मराठी कोंबडा 'कुकूचकू' करतो आणि हिंदी कोंबडा 'कुकडू-कूँ'. कोंबडा एकच, पण प्रत्येक भाषेने आपल्या कानांनी ऐकून आपल्या अक्षरांत त्याला बसवलेले असते. आमच्या वर्गानेही तेच करायचे होते. काही गोष्टी करून पाहिल्यावर कळल्या. फोन हातात घट्ट धरला तर बोटांचीच घसघस मुद्रित होते. म्हणून तो दुमडलेल्या रुमालावर ठेवावा. पंखा बंद करावा. वाऱ्याकडे पाठ करावी. आणि एक नियम सर्वांत वरचा: कुणाचे बोलणे त्याच्या परवानगीवाचून मुद्रित करायचे नाही. हा नियम ऐकून रिक्षावाले दादा हिरमुसले. शेजारच्या घरातले रोजचे भांडण 'दिवसातून एकदाच होणारा आवाज' म्हणून आणण्याचा त्यांचा बेत होता.

गट पाडताना शेवटी मागवाले काका उरले. वय पन्नाशीच्या पुढे. तीस वर्षे त्यांनी माग चालवले होते. वर्गात ते नेहमी शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून बसत. हाक मारली तर चटकन उत्तर देत नसत. दिले तर भलत्याच प्रश्नाचे देत. श्रुतलेखनात त्यांच्या चुका सर्वांत जास्त असत आणि मी त्यांच्या वहीत लाल शाईने 'लक्ष देऊन ऐकावे' असा शेरा मारत असे. एकदा तर सर्वांसमोर मी म्हणाले होते, "काका, शरीर इथे आणि मन कुठे असते तुमचे?" त्यावर ते ओशाळे हसले होते. दिवसभर राबून आलेला माणूस, त्याचे लक्ष लागत नसेल, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. त्या दिवशीही कोणत्याच गटाने त्यांना आपणहून बोलावले नाही. अखेर कांडीवाल्या मावशी म्हणाल्या, "काका आमच्यात."

आठवडाभर गावात आमची मंडळी कान टवकारून हिंडत होती. रविवारी सर्वांच्या आधी येऊन माडीवर बसलेली ती माणसे पाहून मला नवल वाटले. परीक्षेच्या आधीही इतक्या लवकर कुणी येत नसे.

आम्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. एका गटाने आवाज ऐकवायचा, बाकीच्यांनी डोळे मिटून तो ओळखायचा, असे ठरले होते. पहिला आवाज चहाच्या गाड्यावरच्या मुलाचा. मंद सूं-सूं, मग किंचित बारीक होत गेलेली कुजबुज, आणि एकाएकी शांतता. कुणालाच ओळखता येईना. "दूध," तो म्हणाला. "उतू जायच्या जरा आधी त्याचा आवाज बंद होतो. मी भांड्याकडं बघतच न्हाई, पाठमोरा असलो तरी मला कळतं." ज्यावरून काम नीट चालले आहे हे कळते, असा आवाज त्याने आणला होता. रोज शंभर वेळा ऐकलेले ते दूध त्याने प्रथमच कुणाला तरी ऐकवले होते.

एका गृहिणीने घरातला सर्वांत लहान आवाज आणला होता: तांदूळ निवडताना ताटात खडा पडल्याचा. 'टिच्' असा. तांदळाच्या दाण्याचा आवाज वेगळा आणि खड्याचा वेगळा, हे तिने आम्हांला दोन्ही ऐकवून पटवले. लहानपणच्या आवाजासाठी एका गटाने पिंजाऱ्याच्या धनुकलीचा ध्यास घेतला होता. कापूस पिंजताना तातेचा येणारा तो टणत्कार दोघांना लख्ख आठवत होता. पण आठवडाभर शोधूनही पिंजारी भेटला नाही. मग त्यांनी काय करावे? दोघांनी तोंडाने तो आवाज काढून मुद्रित केला. एकाचा 'टंण्-टंण्', दुसऱ्याचा 'ढुंग्-ढुंग्'. कुणाचा खरा यावर बराच वाद झाला आणि आम्ही दोन्ही स्वीकारले.

'बंद झाल्यावरच लक्षात येणारा आवाज' मात्र योगायोगाने सापडला. वर्गातला सर्वांत धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. चार महिन्यांपूर्वीच तो मागावर लागला होता. कारखान्याबाहेर उभा राहून तो मागांचा आवाज मुद्रित करीत असतानाच वीज गेली. फोनमध्ये प्रथम दाट खडखडाट, मग एकेक माग मंदावत, अडखळत थांबल्याचे ठोके, आणि मग संपूर्ण गल्ली. लहान मूल रडत होते. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडे पडले. लांबवर एक भोंगा वाजला. एक बाई कुणाला तरी हाक मारीत होती. "एवढं सगळं रोज खाली दडलेलं असतं व्हय?" मावशी म्हणाल्या.

त्याच मुद्रणावर मागवाले काका प्रथमच बोलले. त्यांनी डोळे मिटले होते आणि उजव्या हाताचा तळवा टेबलावर पालथा ठेवला होता. फोन त्याच टेबलावर होता. ते म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावले. "ह्यातल्या एका मागाचा धोटा उशिरा सुटतोय. दारापासून जवळचा असंल. मालकाला सांग, न्हाईतर धोटा उडंल कुणाच्या तरी अंगावर." तो मुलगा चकित झाला. दाराजवळचा माग आठवडाभर त्रास देत होता, हे त्याला ठाऊक होते. ज्याला आम्ही सगळे 'खडखडाट' म्हणून एका शब्दात गुंडाळत होतो, त्यात काकांना प्रत्येक माग निरनिराळा ऐकू येत होता: धोट्याचे सुटणे, पलीकडे आदळणे, फणीचा ठोका. मला वाटले, या खेळात हेच सर्वांत तयार कान आहेत.

त्यानंतरचा आवाज रिक्षावाल्या दादांच्या गटाचा होता. पावसाळा सरत आला होता; घरामागच्या गवतात त्यांनी रात्री फोन ठेवला होता. आवाज ऐकू आला की हात वर करायचा, असे मी सांगितले. सर्वांनी डोळे मिटले. फोनमधून रातकिड्याची बारीक, धारदार किरकिर सुरू झाली. एकेक करीत हात वर गेले. दहा हात. माडी त्या किरकिरीने भरून गेली होती. काका तसेच बसले होते. डोळे मिटलेले, तळवा टेबलावर, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलासारखी एकाग्रता.

"काका झोपले!" कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला.

तो हशा मात्र त्यांच्या कानांपर्यंत पोचला. त्यांनी डोळे उघडले, आमच्या वर केलेल्या हातांकडे पाहिले आणि विचारले, "सुरू झालं का?"

कुणी हसले नाही. फोनमध्ये रातकिडा ओरडतच होता. मी फोन उचलून त्यांच्या कानाजवळ नेला, आवाज वाढवला. त्यांनी मान हलवली. "काय हाय ह्यात?"

"रातकिडा," मी म्हणाले.

"रातकिडा?" काकांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. "तो तर मला रोज ऐकू येतो. रात्री माग बंद करून घरी गेलो की सुरू होतो. दुपारीपण येतो. आता ह्या घडीला पण येतोय. पर तो ह्या फोनमध्ये न्हाई, बाई." मग त्यांनी आपली वही पुढे केली. आठव्या ओळीसमोर, 'ज्याला शब्दच नाही असा आवाज' येथे, त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'माझ्या कानातला. शिट्टीवाणी. सात-आठ वर्सांपासून. बंद होत नाही. फोनमध्ये आला नाही.'

तो आवाज मुद्रित करण्यासाठी त्यांनी काय केले होते, हे मावशींनी नंतर सांगितले. रात्री सर्व निजल्यावर फोन कानाला लावून ते अर्धा तास बसले होते.

मावशी आणि मी त्यांना श्रवणचाचणीसाठी घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, निरनिराळ्या पट्टीचे सूर त्यांना ऐकवण्यात आले. चाचणीचा आलेख डॉक्टरांनी आमच्यापुढे ठेवला. दोन्ही कानांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी सरळ चालत येत होती आणि उजवीकडे कड्यावरून उतरावे तशी खाली कोसळत होती. निरोगी तरुण कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. दीर्घ काळ मोठ्या आवाजात राहिल्यास प्रथम घाव बसतो तो ४,००० कंपनांच्या आसपास. बहुतेक रातकिडे त्याच सुमारास किंवा त्याहून वरच्या पट्टीत ओरडतात. मागाचे ठोके त्या मानाने पुष्कळ खालच्या पट्टीत असल्यामुळे ते काकांना अजूनही ऐकू येत होते, आणि उरलेले तळव्याला जाणवत होते.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. कानाच्या अगदी आतल्या भागात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप धाडतात. फार मोठा आवाज फार दिवस सोसावा लागला की त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जेथून निरोप येणे थांबते, तेथला आवाज जणू मेंदू स्वतःच रचू लागतो. काकांच्या कानातली शिट्टी ती हीच असावी. रोज आठ तास ८५ डेसिबलहून अधिक आवाजात काम करणे कानांना धोक्याचे, असे तज्ज्ञ मानतात. धोट्याच्या यंत्रमागांच्या कारखान्यात आवाज बहुधा ९० डेसिबलच्याही वर असतो. डेसिबलचे मोजमाप फसवे आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठरवली आहे. ९५ डेसिबल म्हणजे तिच्या दहा हजार पट ऊर्जा. तीस वर्षे काका त्यात उभे होते.

"गेलेलं परत येत न्हाई, एवढं कळलं," काका म्हणाले. श्रवणयंत्राने बोलणे समजायला मदत होईल, असे डॉक्टरांनी सांगितले आणि त्याची नोंद करून दिली.

त्या रात्री मी काकांची श्रुतलेखनाची जुनी वही घेऊन बसले. डॉक्टरांनी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली होती: बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, पण स, श, फ, थ यांसारख्या अक्षरांतला फूत्कार वरच्या पट्टीत असतो, तो आधी हरवतो. मी लाल शाईने केलेल्या खुणा एकेक पाहत गेले. 'साठ'चे 'आठ'. 'सून'चे 'ऊन'. 'सात'चे 'आत'. 'फळ'चे 'पळ'. 'थाट'चे 'ताट'. पानामागून पान, तीच अक्षरे. जे त्यांना ऐकू आले होते, ते त्यांनी अगदी अचूक लिहिले होते. वर्षभर ती वही मला सांगत होती, आणि मी तिच्याखाली 'लक्ष देऊन ऐकावे' असे लिहीत होते. तो शेरा ज्याला लागू होता, त्याच्याच हातात लाल पेन होते.

पुढच्या रविवारी मी ते सर्वांसमोर कबूल केले. सर्वांसमोर बोलले होते, म्हणून कबुलीही सर्वांसमोर. काका म्हणाले, "तुमचं काय चुकलं, बाई? मलाच ठावं नव्हतं, तर तुम्हांला कसं कळावं?" हे त्यांचे औदार्य होते. मला ते पुरते पटलेले नाही.

मग वर्गात कानांच्या बोळ्यांचा विषय निघाला. काम करताना घालायचे बोळे साध्या फोमचेही मिळतात, नीट बसवले तर आवाज पुष्कळ कमी होतो, असे मी सांगितले. मागावर काम करणाऱ्यांना ते रुचले नाही. "बोळे घातले तर मागाचं दुखणं कळणार कसं?" हा प्रश्न खोटा नव्हता, कान हेच त्यांचे हत्यार होते. बोळ्यांनी आवाज बंद होत नाही, कमी होतो, मागाचा ठोका ऐकू येतोच, हे मी परोपरीने सांगितले. कुणाची मान हलेना. तेव्हा शेवटची ओळ सोडून आता पहिल्या ओळीत बसू लागलेले काका मागे वळले आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला म्हणाले, "तू घाल. तुझा रातकिडा अजून बाहेर हाय."

तो मुलगा बोळे घालू लागला. दुसरे कुणी घालते की नाही, हे मी विचारलेले नाही; पण मावशींनी आपल्या दोन मुलांसाठी ते कोठे मिळतात, याची चौकशी केली एवढे मला ठाऊक आहे.

खेळात कोणता गट जिंकला, याचा हिशेब राहूनच गेला. आमचा तक्ता मात्र वाढला आहे. 'तलवारींचा खणखणाट' याच्या खाली आता 'मागांचा खडखडाट' आहे, 'दुधाची सूं-सूं' आहे, 'खड्याचे टिच्' आहे आणि धनुकलीचे दोन्ही आवाज आहेत. 'आणखी काही वर्षांनी ऐकू येणार नाही' या ओळीत एका गटाने धोटा लिहिला आहे, कारण गावात बिनधोट्याचे नवे माग येत आहेत. आठव्या ओळीतला काकांचा आवाज आम्ही तसाच, शब्दावाचून ठेवला आहे.

श्रुतलेखन अजूनही होते. आता मी खिडक्या लावते, पंखा बंद करते, फळ्याकडे पाठ करून मंडळींसमोर उभी राहते आणि ओठ दिसतील असे एकेक शब्द सावकाश उच्चारते. मागांच्या गोंगाटात सोबत्यांच्या ओठांवरून बोलणे ओळखण्याची काकांना तीस वर्षांची सवय आहे. ती मी कधी विचारात घेतलीच नव्हती. परवा मी म्हणाले, "सून." काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून लिहिले. मी जवळ जाऊन वही पाहिली. शब्द बरोबर होता. त्याखाली काहीही लिहिण्याची गरज नव्हती.